पावडरचे ग्लोव्हज: न घालणाऱ्यालाही त्रास का होतो

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, कुणाला ग्लोव्हजची अ‍ॅलर्जी निघाली की ठरलेलं उत्तर येतं, त्याला वेगळा नायट्राइलचा (कृत्रिम रबराच्या ग्लोव्हजचा) बॉक्स द्या, बाकीच्यांचं आहे तसं चालू द्या. ऐकायला एकदम शहाणपणाचं वाटतं आणि साध्या पावडर-फ्री लेटेक्सच्या बाबतीत बऱ्यापैकी चालूनही जातं, पण पावडरवाले लेटेक्स ग्लोव्हज असतील तर हे उत्तर सपशेल फसतं, कारण तिथे ग्लोव्हज घालतो एक आणि शिंकतो दुसराच.

आता ती पावडर म्हणजे असते काय, तर मक्याचा स्टार्च. ग्लोव्ह हातावर सरसर चढावा, आतून चिकटू नये एवढ्यासाठी टाकतात. (ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, त्याचा लगदा होऊ नये म्हणून त्यावर केमिकल प्रक्रिया केलेली असते, पण मूळ वस्तू स्टार्चच.) म्हणून लोक म्हणतात, अहो खायची वस्तू आहे, ती काय करणार? खरंय, स्टार्च बिचारा एकटा असता तर हवेतून एवढा उपद्रव झाला नसता. घोळ असा आहे की नैसर्गिक लेटेक्स रबराच्या झाडाच्या चिकातून येतं आणि त्या चिकात प्रोटीन्स असतात. कारखान्यात ग्लोव्हज नीट धुतले नाहीत तर ती बरीचशी तशीच राहतात, आणि स्टार्चच्या कणांना जाऊन चिकटतात. मग ग्लोव्ह फटकन ओढून काढला की जो पांढरा धुरळा उडतो ना, तो नुसता स्टार्च नसतो, लेटेक्सचं प्रोटीन पाठीवर घेऊन निघालेला स्टार्च असतो. तो हवेत बराच वेळ तरंगतो, ट्रॉलीवर बसतो, कपड्यांवर बसतो, एसीच्या वाऱ्याने इकडून तिकडे जातो, आणि नाकातून आत जातो.

आमच्यातल्या एका सिस्टरचं उदाहरण सांगते. त्यांनी लेटेक्सला हात लावणं पूर्ण बंद केलं होतं, स्वतःचा नायट्राइलचा बॉक्स वेगळा ठेवायच्या, तरी थिएटरमध्ये आल्या की नाक वाहायला सुरुवात, डोळे लाल, आणि ऑपरेशनची लिस्ट मोठी असेल त्या दिवशी संध्याकाळपर्यंत छातीतून शिट्टीसारखा आवाज. सुट्टीवर गेल्या की ठणठणीत. कुणी म्हणे एसीचा त्रास, कुणी म्हणे टेन्शन, एकाने तर कामचुकारपणा म्हणून मोकळं केलं (अशी माणसं सगळीकडे असतात). सुट्टीत बरं आणि ड्युटीवर त्रास हा पॅटर्न दिसला की कामाच्या जागेतच काहीतरी आहे हे खरं तर पहिल्यांदा डोक्यात यायला हवं. त्यांना बरं वाटायला लागलं ते सगळ्या थिएटरने पावडर बंद केल्यावर, त्यांच्या एकटीच्या बॉक्सने नाही.

आणि "ग्लोव्हजची अ‍ॅलर्जी" म्हणून सगळं एकाच पिशवीत कोंबतात तेही चुकीचं आहे. हात कोरडे पडणं, भेगा, जळजळ हे बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी नसतंच, सारखे हात धुणं, घाम आणि पावडरचं घासणं यानं कातडी चिडलेली असते. दुसरा प्रकार उशिरा येणारा, एकदोन दिवसांनी हातावर खाजणारं, पाणी सुटणारं इसब, ते लेटेक्समुळे नाही तर रबर पक्कं करायला वापरतात त्या थायुरम, कार्बामेट वगैरे केमिकल्समुळे, त्याला पॅच टेस्ट (कातडीवर पट्ट्या चिकटवून बघणं) करतात. तिसरा प्रकार खरा घातक, लेटेक्सच्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी. ती मिनिटांत येते, अंगावर गांधी उठतात, शिंका, दमा, आणि वाईटात वाईट म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस, बीपी कोसळतं, जीव जाऊ शकतो. यासाठी स्किन प्रिक टेस्ट (कातडीला हलकं टोचून बघणं) किंवा रक्तातल्या आयजीई या अँटिबॉडीची तपासणी. शिवाय चिडलेल्या, भेगाळलेल्या कातडीतून प्रोटीन आत जायला सोपं जातं, म्हणजे पहिल्या प्रकाराकडे दुर्लक्ष केलं तर तिसऱ्याची वाट मोकळी होते.

हे झालं आपलं. टेबलावरच्या पेशंटचं काय? पोट उघडलेलं असताना स्टार्चचे कण आत पडले तर शरीर त्यांना परकं समजून त्यांच्याभोवती गाठी करतं, ग्रॅन्युलोमा म्हणतात त्या, आणि आतडी एकमेकांना चिकटतात. या चिकटण्याने पुढे कधीतरी आतड्यात अडथळा येऊ शकतो, बाईला मूल राहायला अडचण येऊ शकते. काही पेशंटना ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी ताप आणि पोटदुखी सुरू होते, सगळ्यांना वाटतं इन्फेक्शन किंवा कॅन्सरच पसरला, पुन्हा पोट उघडतात, आणि सापडतो स्टार्च! पोलराइज्ड प्रकाशात मायक्रोस्कोपखाली त्या कणांवर चक्क फुली दिसते, त्यावरून ओळखतात. जखमेत परकी वस्तू पडली की इन्फेक्शनला कमी जंतू पुरतात हेही आहेच. सलाइनने ग्लोव्हज धुतले की झालं असं मानणारे आहेत, पण धुतल्याने पावडर पूर्ण जाईलच असं नाही, उलट ओल्या कणांचे गोळे होऊन बसतात.

गंमत बघा, स्टार्च हाच मुळात सुरक्षित पर्याय म्हणून आणला होता. आधी लायकोपोडियम वनस्पतीचे बीजाणू वापरायचे, मग टाल्क (टाल्कम पावडरमधलं खनिज), टाल्कने पोटात गाठी होतात हे कळल्यावर 1940 च्या दशकाच्या अखेरीस स्टार्च आला, की तो शरीरात विरघळून जाईल. त्याच्याही आधी, 1889-90 च्या सुमारास अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलच्या विल्यम हॉलस्टेड या सर्जनने गुडइयर रबर कंपनीकडून रबरी ग्लोव्हज करून घेतले होते ते पेशंटसाठी नाहीच, कॅरोलाइन हॅम्प्टन या नर्सचे हात जंतुनाशकाने सोलवटत होते म्हणून. 1980 च्या दशकात एचआयव्हीच्या भीतीने ग्लोव्हजचा वापर प्रचंड वाढला आणि मग लेटेक्स अ‍ॅलर्जीच्या केसेसची रांग लागली.

जर्मनीने 1998 मध्ये पावडरवाल्या लेटेक्स ग्लोव्हजवर बंदी आणली आणि पुढच्या काही वर्षांत हेल्थकेअरमधल्या अशा अ‍ॅलर्जीच्या नव्या केसेस झपाट्याने खाली आल्या. लेटेक्स ग्लोव्हज तिथे बंद झाले नव्हते हं, पावडर-फ्री आणि कमी प्रोटीनचे वापरात होतेच. मला हा सगळ्यात मोठा पुरावा वाटतो. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि मेडिकल साधनांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) आधी लेबलवर इशारे वगैरे लिहायला लावून बघितलं आणि शेवटी डिसेंबर 2016 मध्ये नियम काढून 18 जानेवारी 2017 पासून तपासणीचे आणि सर्जरीचे दोन्ही पावडरवाले ग्लोव्हज बंदच केले. एफडीए एखादं मेडिकल साधन पूर्ण बंद करणं फार विरळा, त्याआधी एकदाच, 1983 मध्ये डोक्यात रोवायच्या नकली केसांवर केलं होतं. ही बंदी लेटेक्सपुरती नव्हती, इतर मटेरियलच्या पावडरवाल्या ग्लोव्हजनाही होती, कारण पोटातल्या गाठींना लेटेक्स लागत नाही, स्टार्च पुरतो.

खरेदीवाले म्हणतात पावडर-फ्री महाग पडतात. पडत असतील, पण आजारी पडणाऱ्या स्टाफचा आणि पुन्हा उघडलेल्या पोटाचा खर्च त्या हिशेबात कुणी धरत नाही. हातावर चढत नाहीत ही दुसरी तक्रार, त्याला आता पॉलिमरचं कोटिंग असतं, किंवा क्लोरिनने धुतलेले असतात ज्यात प्रोटीनही बरंच निघून जातं. हात पूर्ण कोरडे करून घाला, सॅनिटायझर ओला असताना चढवायला गेलं तर कुठलाच ग्लोव्ह चढत नाही.

बॉक्स वाचताना एवढं बघा की पावडर-फ्री आणि लेटेक्स-फ्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला प्रोटीनची अ‍ॅलर्जी पक्की निघाली आहे त्याला स्वतःच्या हातात लेटेक्स-फ्रीच हवेत आणि आजूबाजूच्यांच्या हातात निदान पावडर-फ्री. केमिकलवालं इसब असेल तर नायट्राइलनेही जाईल असं नाही कारण तीच केमिकल्स त्यातही असू शकतात, तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर-फ्री, म्हणजे ती केमिकल्स नसलेले, मागा. आणि तुम्ही स्वतः पेशंट असाल, फुगा फुगवताना ओठ सुजतात, केळं, किवी, अ‍ॅव्होकाडो खाल्लं की तोंडात खाज येते, किंवा मूल स्पायना बिफिडाचं (पाठीच्या कण्यात जन्मतः दोष असलेलं) आहे आणि त्याची बरीच ऑपरेशन्स झालीत, तर लेटेक्सची अ‍ॅलर्जी असू शकते, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा, अगदी दातांच्या डॉक्टरकडेही. अशा पेशंटची केस शक्यतो सकाळी पहिली लावतात, रात्रभरात हवेतला धुरळा खाली बसलेला असतो म्हणून, आणि ते आदल्या दिवशी माहीत असलं तरच जमतं.