नकाशावरचा गोल फोटो

मुलगी अकरावीत गेली आणि क्लाससाठी कोथरूडहून डेक्कनला एकटी बसने जाऊ लागली, तेव्हा तिच्या फोनचे लोकेशन माझ्या फोनवर कायम दिसेल अशी सोय मी करून ठेवली. तिला सांगून केली, पण विचारून नव्हे.

एका पावसाळी संध्याकाळी नकाशावरचा तिचा गोल फोटो मुठेच्या पात्रात मधोमध वीस मिनिटे थबकून राहिला. मी सात वेळा फोन लावला. ती क्लासच्या तळघरात पेपर लिहीत होती. छपराखाली उपग्रहाचा संकेत क्षीण झाला, की फोन वाय-फाय आणि मोबाइल टॉवरवरून जागेचा अंदाज बांधतो आणि तो बराच चुकू शकतो, हे मला नंतर समजले. ‘‘बाबा, आज साडेसातपर्यंत टेस्ट आहे, हे सकाळीच सांगितलं होतं ना?’’ एवढेच ती म्हणाली. सांगितले होते, हे खरे.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून कंपन्यांवर त्यांचा माग काढण्याबाबत बंधने घातली. आईबापांचा प्रश्न मात्र घरातच सोडवायचा आहे. रोजच्या ठरलेल्या वाटेवर असा पहारा मला आता अनाठायी वाटतो. रात्रीचा प्रवास किंवा गडावरची भटकंती असेल, तर ती व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःच आठ तासांचे लाइव्ह लोकेशन पाठवते. परवा राजगडाहून पाठवलेले मी दोनदाच उघडले. (खरे तर तीनदा.)