तुलूझचा आसेझा वाडा: आधी चौक बघा, मग चित्रं

दक्षिण फ्रान्सच्या फेरीत तुलूझला उतरणार असाल, तर ओतेल दासेझासाठी, म्हणजे आसेझाच्या वाड्यासाठी (फ्रेंचमध्ये ओतेल म्हणजे श्रीमंताचा शहरातला वाडाही), निवांत अर्धा दिवस ठेवाच. मेट्रोच्या ए लाइनवर एस्किरोल स्टेशनला उतरलं की चालत पाच-सात मिनिटं. चौकात जायला तिकीट लागत नाही.

पिएर आसेझा हा पास्तेलचा मोठा व्यापारी. पास्तेल ही पिवळ्या फुलांची वनस्पती. हिची पानं वाटून, गोळे करून वाळवायचे, मग आंबवायचे. त्यातून कापडासाठी निळा रंग निघे. या पैशावर त्याने 1555 मध्ये निकोला बाशलिए या वास्तुकाराकडून वाडा बांधायला घेतला.

आत शिरलात की समोर आणि डावीकडे मान वर करून नीट बघा. जोडखांबांच्या तीन रांगा एकावर एक, प्रत्येक वेगळ्या प्राचीन ग्रीक शैलीची: तळाला डोरिक, मधे आयोनिक, वर कोरिंथियन. गारोन नदीच्या काठी माती मुबलक, त्यामुळे सगळं शहर विटांचं; चांगला दगड मात्र लांबून आणावा लागे. म्हणून भिंत लाल विटेची आणि खांब, कमानी फिक्या दगडाच्या. श्रीमंती दाखवायची ती दगडातून! कोपऱ्यातल्या जिन्याच्या मनोऱ्याखालचा दरवाजा चुकवू नका, त्याचे खांब पीळ दिल्यासारखे आहेत.

मला सर्वांत भिडली ती उजवी बाजू. तिथे खोल्या नाहीतच. नुसती भिंत आणि तिला बाहेर काढलेल्या टेकूंवर तोललेला सज्जा. आसेझा प्रोटेस्टंट होता. 1562 च्या कॅथलिक-प्रोटेस्टंट दंगलीनंतर त्याला शहर सोडावं लागलं आणि वाडा अपुराच राहिला. पुढे पास्तेलचा धंदाही बसला, कारण आपल्याकडची नीळ युरोपात पोचली. अहमदाबादजवळच्या सरखेजच्या निळीचं नाव ऐकलेल्या माणसाला या भिंतीसमोर थोडं थांबावंसं वाटेल.

आत 1995 पासून बेम्बेर्ग फाउंडेशनचं संग्रहालय आहे. फ्रेंच चित्रकार बोनारची चित्रं भरपूर आहेत, त्यासाठी तिकीट काढाच. सोमवारी बंद असतं. उन्हाळ्यात दुपारी विटा तापतात, तेव्हा सकाळीच जा. समोरच्या दर्शनी भागावर ऊनही छान येतं.

वेळ उरला तर जवळच ओतेल द बेर्न्युई आहे, तोही पास्तेलवाल्याचाच. ती जागा आता शाळेकडे असल्याने आत सोडतीलच असं नाही. आधी पर्यटन कार्यालयात विचारून घ्या.