क्लच केबल ढिली झाली, पण कशामुळे?

परदेशात आल्यावर गाडी चालवायची म्हणजे निम्म्या सवयी मोडून पुन्हा घालाव्या लागतात. स्टिअरिंग डावीकडे, गिअरचा दांडा उजव्या हाताला, आतला आरसाही उजवीकडे. पायाखालचा क्रम मात्र कुठेही गेलात तरी तोच: डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक, उजवीकडे अ‍ॅक्सिलरेटर. त्यामुळे डावा पाय पूर्वीच्याच सवयीने कामाला लागतो, आणि क्लचमध्ये काही बिनसलं की सगळ्यात आधी त्यालाच कळतं.

आमची गाडी जुनी, मॅन्युअल, क्लच केबलवर चालणारा. काही दिवस पेडल पोकळ लागत होतं. दाबलं की बराच वेळ काही जोरच लागायचा नाही, मग एकदम वजन जाणवायचं. क्लच सोडताना गाडी उचलायची तीही पेडल जवळजवळ तळाशी असतानाच. थांबलेल्या गाडीत पहिला गिअर पडायला कुरकुर करायचा आणि रिव्हर्स टाकला की करकर आवाज. फोनवर दादाला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, केबल ढिली झालीय. नट ताण, काम झालं." त्याचं निदान बरोबर होतं. पण नटाला पाना लावण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा आणि बहुतेक जण तो गाळतात: केबल ढिली झाली ती कशामुळे? आज लिहायला बसले ते त्यासाठीच.

क्लचची केबल म्हणजे सायकलच्या ब्रेकला असते तीच, फक्त जाड. अशा केबलचं पेटंट एर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ मध्ये घेतलं, म्हणून तिला बाउडेन केबल म्हणतात. आत पीळ दिलेली पोलादी तार आणि बाहेर सहजी न दबणारं आवरण. तार जितक्या जोराने ओढली जाते तितकाच उलटा दाब आवरणावर येतो. हे लक्षात ठेवा, कारण तार धडधाकट असूनही आवरण दबलं किंवा त्याचं टोक बसतं ती जागा वाकली, तर पेडल ढिलंच लागणार. तारेचं एक टोक पेडलला. तिथून ती इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून पलीकडे जाते आणि गिअरबॉक्सवरच्या फोर्कला, म्हणजे एका तरफेला, जोडली जाते. पेडल दाबलं की फोर्क आतल्या रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या (क्लचप्लेटला दाबून धरणाऱ्या तबकडीच्या) स्प्रिंगची बोटं दाबतं आणि क्लचप्लेट फ्लायव्हीलपासून, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकापासून, सुटते. हे सुटणं पूर्ण व्हायला हवं. अर्धवट सुटली तर क्लच दाबलेला असूनही इंजिन गिअरबॉक्सला थोडं फिरवत राहतं. रिव्हर्सची करकर त्यातूनच येते. पुढच्या गिअरांना वेग जुळवून घेणारी यंत्रणा असते, रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत ती नसते.

पेडल अगदी वर असताना बेअरिंग आणि स्प्रिंगच्या बोटांमध्ये किंचित फट असावी लागते. पायाला हीच फट पेडलचा मोकळा प्रवास म्हणून जाणवते. याला फ्री प्ले म्हणतात. हाताने सेट करायच्या बहुतेक गाड्यांत तो साधारण १० ते २५ मिलिमीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहायचा आणि तोच मानायचा.

आता मुख्य मुद्दा. बऱ्याच जणांना वाटतं की क्लचप्लेट झिजली म्हणून पेडल ढिलं झालं. नेहमीच्या रचनेत घडतं ते नेमकं उलट. प्लेट झिजून पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या दिशेने पुढे सरकते आणि तिच्या स्प्रिंगची बोटं मागे, बेअरिंगच्या दिशेने येतात. म्हणजे फट कमी होते. झीज केबलला घट्ट करते, ढिली नाही. तेव्हा फ्री प्ले वाढलेला दिसला तर प्लेटला दोष देऊ नका. केबल, तिची दोन्ही टोकं, तिला धरणारा पत्रा, पेडलचा बुश आणि फोर्क, यांतच कुठेतरी कारण आहे. अपवाद एकच, क्लच नुकताच नवीन बसवला असेल तर. केबल जुन्या पातळ प्लेटच्या हिशेबाने लावलेली असते, नव्या जाड प्लेटवर ती साहजिकच ढिली ठरते. तिथे नट फिरवणं हाच उपाय.

तपासणी पेडलपासून सुरू केली. इंजिन बंद. जमिनीपासून पेडलच्या पॅडपर्यंत पट्टी उभी धरायची आणि पेडल हाताने हळूहळू दाबायचं, पायाने नाही. पायाला जे कळत नाही ते बोटांना कळतं. आधी नुसता स्प्रिंगचा हलका जोर लागतो, मग एका ठिकाणी पेडल स्पष्ट जड होतं. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे फ्री प्ले. आमच्याकडे तो पुस्तकात दिलेल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त निघाला.

दुसरी चाचणी इंजिन चालू करून. सपाट जागा, समोर मोकळं, हँडब्रेक ओढलेला. क्लच तळापर्यंत दाबून चार-पाच सेकंद थांबायचं आणि मग रिव्हर्स टाकायचा. एवढा वेळ दिल्यावर आतली चाकं थांबायला हवीत आणि गिअर मुकाट पडायला हवा. तरीही करकरला, तर क्लच पूर्ण सुटत नाही. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केलं की अडतात, असं असेल तर संशय गिअरबॉक्सवरून उठून क्लचवर येतो. पेडल भराभर तीन-चारदा मारून फरक पडतो का तेही पाहावं. पडला तर तुमचा क्लच बहुधा हायड्रॉलिक आहे आणि तेलात हवा शिरलीय. तसल्या क्लचला केबलच नसते, तेव्हा पुढचं काही लागू नाही. केबलचा क्लच कितीही वेळा मारा, तसाच राहतो.

मग बॉनेट उघडलं. मुलीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, इंजिन बंद, आणि मी टॉर्च घेऊन केबलच्या मागे लागले. आतून ती दर वेळी विचारायची, "आई, आता सोडू?" या कामाला दोन माणसं लागतातच, कारण एकाने पेडल दाबत-सोडत असताना दुसऱ्याने प्रत्येक जोड हलताना पाहायचा असतो. केबल पत्र्यातून बाहेर येते तिथे आधी पाहिलं. पेडल दाबल्यावर तिथला पत्रा आत-बाहेर लवत असेल किंवा त्याला चीर गेली असेल, तर तारेची ओढ तिथेच खर्च होते आणि नट कितीही ताणला तरी उपयोग नाही. आमचा पत्रा हलत नव्हता. मधल्या भागात आवरण कुठे चेपलंय का, एक्झॉस्टला टेकून वितळलंय का, तेही पाहिलं. ठीक होतं.

सापडलं ते फोर्कच्या टोकाशी. तारेवरची काळी चिकट माती फडक्याने पुसली तेव्हा नटाच्या अलीकडे पिळातल्या दोन बारीक तारा तुटून कुसळासारख्या बाहेर आलेल्या दिसल्या. फडकं त्यांच्यात अडकलं म्हणून कळलं, नुसत्या डोळ्यांना चटकन दिसल्या नसत्या. मुलीने पेडल दाबलं की पीळ त्या जागी किंचित उलगडल्यासारखा व्हायचा, सोडलं की मिटायचा. ढिलेपणाचं कारण हे होतं. तार तुटत चालली होती, आणि एकेक पदर तुटला की उरलेल्यांवर भार वाढून तेही लांबतात.

अशा वेळी नट ताणून पेडल पुन्हा छान करता येतं, पण ते तेवढ्यापुरतंच. तुटकी केबल एखाद्या चौकात पूर्ण तुटली तर क्लच दाबलाच जाणार नाही, आणि गिअरमध्ये असलेली गाडी थांबवताना गिअर वेळेत न्यूट्रलला काढता आला नाही, तर ब्रेकने इंजिन बंद पडतं. म्हणून मी नवीन केबल मागवली आणि ती येईपर्यंत जुनी सेट केली ती फक्त जवळपास, सावकाश चालवण्यापुरती. तारा तुटलेल्या नसतील, टोकं शाबूत असतील, तर मात्र नुसतं सेट करणं पुरतं. केबल वापराने थोडी लांबतेच.

सेट करायची रीत साधी आहे, पण घाई नको. गाडी सपाट जागेवर, चाकांना अडसर, इंजिन थंड. आमच्या गाडीत बॅटरी आणि तिचा ट्रे काढला की वरूनच हात पोचतो. तुमच्या गाडीत खालून जावं लागत असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, स्टँड लावल्याशिवाय नाहीच. केबलच्या टोकाला आटे असतात आणि त्यावर दोन नट: एक सेट करायचा, दुसरा त्याला जागेवर धरणारा, म्हणजे लॉकनट. इथे थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे आटे गंजून लाल झाले होते. तारेच्या ब्रशने घासून, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर तसंच ठेवलं. मग मूळ जागेवर रंगाची खूण केली, म्हणजे काही बिघडलं तर परतायला जागा राहते. एका पान्याने पहिला नट धरून दुसऱ्याने लॉकनट सोडायचा. तार स्वतःभोवती फिरता कामा नये, पीळ पडला की ती आणखी लवकर तुटते.

नट एका वेळी एकच फेरा. ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टचे आटे १.२५ मिलिमीटरच्या अंतराचे असतात, म्हणजे पूर्ण एका फेऱ्याला तार तेवढीच सरकते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पेडलच्या तरफेमुळे पायाशी ते कितीतरी पट होऊन दिसतं. प्रत्येक फेऱ्यानंतर पेडल चार-पाचदा पूर्ण दाबून सोडायचं, म्हणजे केबल आपल्या जागी बसते, आणि मगच पट्टी लावायची. आकडा जुळला की लॉकनट आवळून पुन्हा एकदा मोजायचं, कारण आवळताना नट हमखास थोडा सरकतो.

पेडल अगदी करकचून, जराही मोकळं न ठेवता लावायचा मोह होतो. पायाला ते छान वाटतं. पण मग रिलीज बेअरिंग सतत टेकलेलं राहतं आणि लवकर जातं. त्याहून वाईट म्हणजे क्लच पूर्ण पकडतच नाही: चढावर इंजिनचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही, जळका वास येतो. सतत हाफ क्लचवर गाडी चालवण्यासारखंच ते. ढिल्या केबलने गिअर कुरकुरतात, अति घट्ट केबलने प्लेट जळते. दोन्हींत मला दुसरं जास्त महागाचं वाटतं, कारण प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

काही गाड्यांत हे दोन नट सापडणारच नाहीत. तिथे पेडलपाशी दाते असलेला तुकडा आणि स्प्रिंग असते, किंवा केबलमध्येच आपोआप ताण घेणारी रचना असते. अशा गाड्यांत बेअरिंग हलकंसं टेकलेलंच असतं आणि फ्री प्ले जवळजवळ नसतो. तिथे पेडल ढिलं झालं तर दाते झिजून सटकतात का ते पाहायचं. नट शोधत बसू नये.

नवीन केबल बसवताना दोन गोष्टींची काळजी घेतली. एक, आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल घालायचं नाही. धूळ धरून ती उलट जड होते. ग्रीस फक्त टोकाच्या सांध्यांना. दुसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते: इंजिनची अर्थिंगची पट्टी, म्हणजे इंजिनला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी विजेची पट्टी. ती गंजली किंवा तुटली की स्टार्टरचा प्रचंड करंट परतीची दुसरी वाट शोधतो, आणि कधीकधी ती वाट क्लच केबलच ठरते. तार तापते, आतलं अस्तर वितळतं आणि नवी केबलही थोड्याच दिवसांत अडकायला लागते. केबल पुन्हा पुन्हा खराब होत असेल तर ती पट्टी आधी बघा. आमची पट्टी घट्ट होती, तरी टोकं घासून परत आवळली.

नवी तार सुरुवातीला थोडी बसते. म्हणून आठवडाभर गाडी चालवून झाल्यावर पेडलला पुन्हा पट्टी लावली, अर्धा फेरा नट घेतला आणि लॉकनट आवळला.