तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीतलं पाणी, मैला आणि गॅस

दारात उभी असलेली आमची राहायची सोय असलेली गाडी बघायला कुणी आलं की आधी गादी दाबून बघतात, शेगडी बघतात, ॲव्हरेज विचारतात. मग आवाज जरा खाली येतो आणि खरा प्रश्न निघतो: "ताई, सगळं छान आहे, पण संडासाचं काय करता?" त्यापाठोपाठ पाणी कुठे भरता, गॅसची भीती नाही वाटत का, हेही येतंच. उत्तर दारात उभ्याउभ्या देण्याइतकं छोटं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

गाडी फोर्स ट्रॅव्हलर मिनीबस आहे, गाड्यांची बॉडी बांधणाऱ्याकडून आतून बदलून घेतलेली. मागे पलंग, मध्ये ओटा, एका कोपऱ्यात मोरी आणि संडास. चांगल्या पाण्याची टाकी ९० लिटरची, सांडपाण्याची ६० लिटरची. संडासाची टाकी वेगळी, १८ लिटरची, बाहेरून दार उघडून ओढून काढता येते. तिला कॅसेट म्हणतात.

नव्याने गाडी बांधणारे मला पाण्याच्या टाकीचा आकार विचारतात. माझं म्हणणं आहे, तो शेवटी ठरवा. पाणी बहुतेक ठिकाणी मिळतं. पण गाडीत भरलेला लिटर भांडी धुऊन, आंघोळ करून जवळपास लिटरभरच उरतो, फक्त घाण होऊन. तो कुठे ओतणार? म्हणून कुठेही निघताना आमच्याकडे आधी रिकामं कुठे करायचं ते ठरतं, मुक्काम त्यानंतर आणि पाणी किती घ्यायचं ते सगळ्यात शेवटी. वाटेत सोय नसेल तर टाकी अर्धीच भरून निघतो आणि अर्ध्या टाकीत भागवतो.

भागतंही. शहराची पाणीपुरवठा योजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, २०१९ च्या जलजीवन मिशनने खेड्यासाठी ५५ लिटर धरले. गाडीत आमचं माणशी वीसेक लिटरमध्ये सगळं होतं. शॉवर आम्ही बसवलाच नाही. बादली-तांब्याने पाच-सहा लिटरमध्ये स्वच्छ आंघोळ होते आणि किती पाणी गेलं ते डोळ्यांना दिसतं. भांड्यांचं म्हणाल तर ताट शेवटच्या पोळीच्या तुकड्याने निपटून घ्यायचं, उरलंसुरलं कागदाने पुसून कचऱ्याच्या पिशवीत टाकायचं आणि मगच भांडं पाण्याखाली धरायचं. यात पाणी वाचतं, पण त्याहून मोठा फायदा सांडपाण्याच्या टाकीला होतो. तिच्यात तेल आणि शितं गेली की नाशिकच्या एप्रिलमध्ये दुसऱ्या दिवशीच असा वास सुटतो की संडासाची टाकी बरी. सिंकला बारीक जाळी हवीच.

९० लिटर म्हणजे ९० किलो, हे लक्षात असू द्या. टाकी पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये आणि होईल तितकी खाली बसवायची. अर्धवट भरलेली टाकी वळणावर हिंदकळते, आणि नांदुरीहून सप्तशृंगगडाचा घाट चढताना ते स्टिअरिंगवर स्पष्ट जाणवतं. टाकी बनवतानाच तिच्या आत आडव्या पट्ट्या टाकून घ्या.

आता भरण्याबद्दल. शक्यतो घरूनच, महापालिकेच्या नळाचं. गाडी बरेच दिवस उभी असली की आधी टाकी निर्जंतुक करते: १०० लिटरला साधारण १०० मिली घरगुती लिक्विड ब्लीच, नळ सोडून पाइपातही ते येऊ द्यायचं, काही तास ठेवायचं, मग वास जाईपर्यंत धुऊन काढायचं. चांगल्या पाण्याचा पाइप निळा, घाणीचा करडा, आणि दोघांचे कप्पे वेगळे. निळा पाइप कधी जमिनीवर टाकायचा नाही, करडा कधी नळाला लावायचा नाही.

आमच्या जिल्ह्यात एक धोका आहे तो बाहेरून येणाऱ्यांना माहीत नसतो. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेच्या कडेला गाडी लावायला शेतकरी दादा आनंदाने परवानगी देतात आणि म्हणतात, "पाणी घ्या की ताई, ड्रिप चालूच आहे." ते पाणी पिण्याच्या टाकीत घेऊ नका. ड्रिपच्या लाइनीतून विद्राव्य खतं सोडलेली असतात. बागेतला निळा ड्रम, बादली, पाइप यांतलं काहीही उसनं घेऊ नका, त्यात औषधं कालवलेली असतात. विहिरीचं पाणी थेट मोटारीवरून मिळालं तर भांड्यांना घ्या, पिण्यासाठी आपल्याजवळचंच वापरा.

आणि पेठ, सुरगाणा, हरसूल या भागात उन्हाळ्यात मागूच नका. पावसाळ्यात धो धो कोसळणारा हा पट्टा मार्च संपता संपता कोरडा पडतो. हरसूलच्या पुढे एका पाड्यावर मे महिन्यात आम्ही सावलीला थांबलो होतो. विहिरीचा तळ दिसत होता. बाया वाटीने पाणी गोळा करून हंड्यात ओतत होत्या, वाटीभर पाझरेपर्यंत थांबत होत्या, पुन्हा ओतत होत्या. त्यातल्या एका मावशींनी मला बघितलं आणि पहिली गोष्ट केली ती पाण्याचा तांब्या पुढे केला. तो मी घेतला, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. पण जिथे माणूस वाटीने पाणी मोजतो तिथे ९० लिटरची टाकी भरायची गोष्ट कुणी करू नये. त्या भागात जाताना आम्ही पूर्ण भरून जातो आणि कमी दिवस राहतो.

आता संडास. कॅसेटच्या वर एक सरकती पट्टी असते. ती उघडायची, वापरायचं, अर्धा लिटर पाणी सोडायचं, पट्टी बंद करायची. दोन माणसांना दोन-तीन दिवस पुरते. भरत आली की खूण हिरव्याची लाल होते. लाल व्हायची वाट बघू नका, भरलेली कॅसेट जड होते आणि ओतताना आवरत नाही. वासासाठी कॅसेटमध्ये टाकायचं औषध जीवाणू-एन्झाइमवालं घ्या. फॉर्मल्डिहाइड असलेलं औषध वास मारतं, पण सेप्टिक टँकमधले मैला कुजवणारे जीवाणूही मारतं. ज्यांनी आपली सोय केली त्यांचीच टाकी आपण बिघडवायची, हे मला पटत नाही.

रिकामी करायची जागा एकच: ड्रेनेजला किंवा सेप्टिक टँकला जोडलेला संडास. घरी आल्यावर आपला, वाटेत ओळखीच्यांचा, किंवा मुक्कामाच्या रिसॉर्टचा, आधी स्पष्ट विचारून. "गाडीतला मैला ओतायचा आहे, नंतर मी स्वतः धुऊन देते," असं सरळ सांगितलं की बहुतेक जण हो म्हणतात. आडून विचारलं की नाही म्हणतात, आणि त्यांचं बरोबर असतं. ओतताना कॅसेटचं तोंड बाहेर वळवायचं, झाकण काढायचं, संडासाच्या भांड्याजवळ आणायचं आणि मगच हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरायचं. बटण दाबलं की धार गुपचूप, सारखी पडते. नाही दाबलं तर आत हवा शिरताना मैला उसळ्या मारतो आणि भिंतीपर्यंत उडतो. मग दोन-तीन लिटर पाणी घालून हलवायचं, पुन्हा ओतायचं, कमोड ब्रशने घासायचा, हातमोजे काढून साबणाने हात.

हे काम ज्याची गाडी त्याने करायचं. ढाब्यावरच्या पोराला, रिसॉर्टच्या सफाईवाल्याला पैसे देऊन आपल्या मैल्याची टाकी उचलायला लावायची नाही. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी आणणारा नवा कायदा २०१३ साली झाला. कायद्याच्या शब्दांत कॅसेट बसते की नाही यावर मी वाद घालणार नाही. आपल्या पोटातली घाण दुसऱ्याच्या हातात देऊन आपण निसर्ग बघायला जाणार असू, तर न गेलेलं चांगलं.

ओढा, नदी, रस्त्याकडेचं गटार, शेत, यांतली कुठलीही जागा मैल्याची नाही. नाशिककराला हे नकाशावरच कळतं. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, त्र्यंबकहून खाली येते आणि गंगापूर धरणात अडते. त्याच धरणाचं पाणी आमच्या नळाला येतं. म्हणजे त्र्यंबकजवळच्या ओढ्यात कुणी टाकी उपडी केली तर ती आमच्या स्वयंपाकघराच्या दिशेने निघाली. पुढे रामकुंड, मग पक्ष्यांचं नांदूरमध्यमेश्वर, मग पैठणचं जायकवाडी. साबणाच्या सांडपाण्यालाही मी हाच नियम लावते. नुसतं भाजी धुतलेलं पाणी असेल तर मालकाला विचारून झाडाला घालते, तेही ओढ्या-विहिरीपासून साठ-सत्तर मीटर लांब. बाकी सगळं ड्रेनेजला.

माझी भाची अमेरिकेत असते. तिने सुट्टीला तिकडची मोठी आरव्ही, म्हणजे राहायची गाडी, भाड्याने घेतली तेव्हा फोन करून विचारलं, "मावशी, तुझ्यासारखीच सगळी भानगड आहे का गं?" तिकडे कॅम्पग्राउंडवर डम्प स्टेशन असतं, जाड पाइप जोडून झडप उघडली की टाकी खाली होते. तिला दोन गोष्टी सांगितल्या. मैल्याची झडप रोज उघडी ठेवायची नाही, नाहीतर पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग तळाला साचून दगड होतो. दोन तृतीयांश भरली की एकदम सोडायची. आणि आधी मैला, मग सांडपाणी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो.

तिच्या गाडीत फ्रिज, हीटर, गरम पाणी सगळं प्रोपेनवर होतं. आपला एलपीजी प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण आहे. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही वायू होतो, ब्युटेन शून्याच्या आसपास अडून बसतो. म्हणून निफाडच्या कडक थंडीत पहाटे शेगडीची आच मंद वाटते आणि हिमाचलमधल्या स्पितीसारख्या ठिकाणी ती रुसतेच. अशा वेळी सिलिंडरला आच दाखवू नका, ऊन वर येईपर्यंत चहासाठी थांबा.

आम्ही ५ किलोचा सिलिंडर वापरतो. घरगुती लाल १४.२ किलोचा गाडीत नेत नाही. छोटा ओळखपत्र दाखवून रीतसर मिळतो आणि दोघांच्या चहा-स्वयंपाकाला पंधरा-वीस दिवस चालतो. रस्त्याकडेला मोठ्यातून छोट्यात गॅस भरून देणारे भेटतात. त्यांच्याकडे कधीही जाऊ नका, ते बेकायदा आहे आणि किती भरला गेला हे कळत नाही. घेताना कड्याच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांतलं एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात ते वाचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि ती तपासणीची मुदत. टळलेली असेल तर घेऊ नका.

एलपीजी हवेपेक्षा जड, दीडपट ते दुप्पट. गळाला तर वर न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून बंद आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवं. गॅसचा अलार्म जमिनीजवळ, कार्बन मोनॉक्साइडचा उशीच्या उंचीला. सिलिंडर कायम उभा आणि पट्ट्याने बांधलेला, आडवा झाला की वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये येतो. नारिंगी सुरक्षा ट्यूब पाच वर्षांनी बदलायची. गाडी सुरू करण्याआधी रेग्युलेटर बंद, हे मी हँडब्रेक सोडण्याआधी मोठ्याने विचारते आणि आमचे हे मोठ्याने उत्तर देतात.

नवा सिलिंडर लावला की साबणाचा फेस जोडावर बोटाने लावते आणि मनात शंभर म्हणेपर्यंत बघत बसते. फेस नुसता खाली ओघळला तर ठीक. एकाच जागी बुडबुडा फुगत राहिला तर नॉब बंद, दारं उघडी, दिव्याच्या बटणालाही हात नाही. किती गॅस उरला ते बघायला सिलिंडरवरून ओलं फडकं फिरवा: जिथपर्यंत द्रव आहे तिथपर्यंतचा भाग उशिरा वाळतो. थंडीत दारं लावून शेगडीवर गाडी गरम करायची नाही. त्याला रजई आहे.

आता पुण्या-नागपूरचे नातेवाईक विचारायला लागले आहेत: २०२७ च्या सिंहस्थाला गाडी घेऊन येऊ का, म्हणजे राहण्याचा प्रश्न मिटला? या. पण पाण्याची टाकी घरून भरून आणा, संडासाची रिकामी करून आणा, भरली की आमच्या घरी या, रामकुंडाच्या दिशेने जाऊ नका. राज्याचं कॅराव्हान पर्यटन धोरण २०२१ साली आलं, गाड्याही वाढताहेत. पण टाकी रिकामी करण्यासाठी म्हणून केलेली जागा मला नाशिकमध्ये अजून कुठे मिळालेली नाही. तपोवन, आगरटाकळी, पंचक, चेहेडी इथे शहराची मलनिस्सारण केंद्रं आहेतच. त्यातल्या एकाच्या आवारात, गाडी आत वळेल अशा जागी झाकणाचं एक चेंबर आणि धुवायला शेजारी एक नळ करून द्या, अशी मागणी मी लेखी केली आहे. तुम्हीही कराल तर अर्जाचा मसुदा मी देते.