सायबरस्टर लॉग: गाडी आली, आणि ताम्हिणी झाला

मंडळी, आली एकदाची, एमजीची सायबरस्टर, म्हणजे दोन सीटची, छत उघडणारी इलेक्ट्रिक रोडस्टर. पिवळीच घेतली, काळ्या छताची. ग्रुपवरच्या बेज-लाल पार्टीने शेवटपर्यंत आग्रह केला पण रोडस्टर पिवळीच असावी हे माझं मत पहिल्यापासून आहे आणि उन्हात उभी बघितल्यावर ते अजून पक्कं झालं.

ज्यांची अजून यायचीय त्यांच्यासाठी आधी वाट बघण्याच्या काळातलं लिहितो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या भारत मोबिलिटी या वाहन प्रदर्शनात एमजीने ही ठेवली तेव्हापासून डोक्यात होतीच. मग मार्चमध्ये राज्याच्या बजेटमध्ये ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के मोटार कर येणार असं आलं, म्हणजे या गाडीवर सरळ साडेचार लाखांच्या आसपास, आणि आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी हात आखडता घेतला, पण त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी तो प्रस्ताव मागे घेत असल्याचं सांगितलं आणि सगळे परत कामाला लागले. जुलैत किंमत आली ७४.९९ लाख एक्स-शोरूम, आधी नाव नोंदवलेल्यांना ७२.४९. त्यानंतर फक्त वाट. तयार गाडी बाहेरून येते त्यामुळे रोज शोरूमला फोन करून काही होत नाही, तो वेळ चार्जिंगच्या तयारीला द्या.

सोसायटीत राहत असाल तर अर्ज आजच टाका, गाडीचं बघू नंतर. ७.४ किलोवॅटचा वॉलबॉक्स म्हणजे ३२ अँपिअर सलग रात्रभर, हे घरच्या एसीच्या लाइनवर चालवायचं काम नाही. मी महावितरणकडून वेगळा मीटर घेतला, मीटर रूम ते माझं पार्किंग अंतर बऱ्यापैकी आहे म्हणून केबल १० स्क्वेअर एमएम तांब्याची टाकली आणि अर्थिंग वेगळं केलं. इलेक्ट्रिशियन ६ मध्ये भागेल म्हणत होता, भागलंही असतं, पण तासन् तास फुल लोड जाणार असेल तर केबल गरम होऊ नये एवढंच बघायचं. हिशोब सोपा आहे, बॅटरी ७७ युनिटची, वॉलबॉक्सवर रिकामी ते फुल साडेदहा-अकरा तास, सोबतच्या ३.३ किलोवॅटच्या पोर्टेबल चार्जरवर अख्खा दिवस. पोर्टेबल गावाला न्यायला चांगला.

आणि पार्किंगची उंची टेपने मोजा. दारं वर उघडतात हे सगळ्यांना माहितीये पण डोक्यावर बीम, स्प्रिंकलरचा पाइप, ड्रेनेजची लाइन काय काय आहे ते कोणी बघत नाही. सेन्सर आहेत, दार अडथळा दिसला की थांबतं, तरी दार पूर्ण उघडेल अशीच जागा घ्या. स्टॅक पार्किंगवाल्यांनी तर बदलूनच घ्या, गाडी १.९ मीटर रुंद आहे.

आता चालवण्याबद्दल. ५१० पीएस पॉवर, ७२५ न्यूटन-मीटर टॉर्क, शून्य ते शंभर ३.२ सेकंद, हे सगळं खरं आहे आणि पोटात गोळा येतो, पण खरं सांगू का, दोन-चार दिवसांत त्याचं अप्रूप कमी होतं. वजन जवळजवळ दोन टन आहे. २००८ ची पहिली टेस्ला रोडस्टर साधारण तेराशे किलोची होती, तिची ५३ युनिटची बॅटरी धरून! त्यामुळे ही वळणावर फेकायची गाडी नाही, ब्रेक जरा आधी, वेग जरा कमी, आणि वळण सरळ होत आलं की पॉवर, अशी लय पकडली की मग मजाच मजा.

या गाडीचं खरं सुख मला ताम्हिणीत कळलं. पहाटे निघालो, पावसाला उघडीप होती, पौडच्या पुढे छत खाली घेतलं (चालत्या गाडीत होतं, ५० च्या खाली), मुळशीच्या पाण्याकडेने चाळीसच्या स्पीडने जात होतो आणि एका वळणाआधी धबधबा दिसायच्या आधी ऐकू आला. मी आधी पेट्रोलची उघडी गाडी चालवलीये, तिचा आवाज मला आवडायचा, अजूनही आवडतो, पण त्या आवाजात घाट कधी ऐकूच आला नव्हता. इथे पक्षी ऐकू येतात, खालच्या वाडीतली कोंबडी ऐकू येते, टायरखालचं पाणी ऐकू येतं, शेजारी बसलेली बायको हळू आवाजात बोलली तरी कळतं. माझं ठाम मत आहे की इलेक्ट्रिक गाडीला उघडं छत जेवढं शोभतं तेवढं पेट्रोलच्या गाडीलाही शोभत नाही. ३.२ सेकंदाच्या व्हिडिओ सगळेच टाकतात, एकदा तरी छत उघडून घाटात हळू जाऊन बघा.

रेंजचं विचारताय सगळे म्हणून. आपल्याकडचा ५८० किमी हा एमआयडीसी (औद्योगिक वसाहत नव्हे, रेंज मोजायची भारतीय पद्धत) चाचणीचा आकडा आहे, हीच दोन मोटरवाली गाडी ब्रिटनमध्ये डब्ल्यूएलटीपी या तिकडच्या चाचणीवर ४४४ दाखवतात. बॅटरी तीच, चाचणी वेगळी. मी ४०० धरून प्लॅन करतो, एक्सप्रेसवेला छत उघडं ठेवलं तर त्याहून कमी, हवेचा अडथळा वाढतो ना.

घाटवाल्यांसाठी एक महत्त्वाचं. महाबळेश्वरला हॉटेलवर रात्री चार्जिंगला लावली तर १०० करू नका, ८५-९० ला थांबवा. तिथून वाईपर्यंत साडेसहाशे मीटरच्या आसपास उतार आहे, दोन माणसं धरून कागदावर साडेतीन युनिटच्या वर ऊर्जा होते, त्यातली बरीचशी रिजनने (वेग कमी होताना मोटरच बॅटरी चार्ज करते ते) परत मिळू शकते. बॅटरी भरलेली असेल तर ती जाणार कुठे? मग सगळा उतार ब्रेकवर. स्टीअरिंगच्या डाव्या पॅडलने रिजन वाढवून पसरणी घाट उतरलो, ब्रेकला पाय जवळपास लावलाच नाही.

टोलचं पण लिहून ठेवतो, अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना २२ ऑगस्ट २०२५ पासून माफी आहे. मुंबईकरांनी हिवाळ्यात सकाळी छत उघडून जा, २१.८ किमीपैकी साडेसोळा किमी समुद्रावरून आहे.

दिवाळीनंतर कोल्हापूरचे दोघं त्यांच्या लाल गाड्या घेऊन येतायत, महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचा बेत आहे. कोणाला यायचं असेल तर सांगा, महाबळेश्वरला हॉटेल बुक करायच्या आधी चार्जर किती किलोवॅटचा आहे ते विचारून ठेवतोय.