मैदानावरचे प्राध्यापक

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसे कोणी खेळत नाही आणि लांबट चेंडू काखेत धरून पळणाऱ्याला आडवे पाडायचे, यापलीकडे मलाही त्यातले फार कळत नाही. तरीही आमोस अलोन्झो स्टॅग या जुन्या प्रशिक्षकाविषयी लिहावेसे वाटते, ते त्यांना मिळालेल्या एका नेमणुकीमुळे.

१८६२ साली न्यू जर्सीत जन्मलेले स्टॅग येल विद्यापीठात गेले ते धर्मोपदेशक व्हायचे म्हणून. बेसबॉलमध्ये ते इतके तरबेज होते की व्यावसायिक संघांची बोलावणी आली, पण ती त्यांनी नाकारली. पुढे लोकांसमोर बोलणे आपल्याला साधत नाही हे उमगल्यावर ते स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत दाखल झाले. तिथे जेम्स नायस्मिथ यांनी नुकताच बास्केटबॉल हा खेळ तयार केला होता. मार्च १८९२ मध्ये विद्यार्थ्यांनी शिक्षकांना ५-१ असे हरवले, त्यातला शिक्षकांचा एकमेव गुण स्टॅग यांचा. (याच संस्थेत शिकलेल्या हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले; तेव्हा आपल्या पी.टी.च्या सरांचे घराणे थेट तिथवर पोहोचते.)

त्याच वर्षी नव्याने उघडलेल्या शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम हार्पर यांनी आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला बोलावून घेतले आणि प्रशिक्षकाला थेट अध्यापकवर्गात कायमची जागा दिली. फुटबॉलच्या संघात पुरेसे खेळाडू नव्हते, म्हणून पहिल्या मोसमात हे प्राध्यापक स्वतःच मैदानात उतरले.

ठाण्यातल्या ज्या शाळेत माझी मुलगी जाते, तिथे दिवाळीची सुट्टी संपली की पी.टी.चा तास गणिताला दिला जातो, आणि सर गळ्यातली शिट्टी खिशात घालून बदली तासांच्या वहीत आपले नाव शोधत व्हरांड्यात उभे असतात. पालकसभेत याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही; दहावीच्या टक्केवारीपुढे मैदान कोणाला हवे आहे? हार्पर यांना विद्यापीठाची जाहिरातही हवी होती, हे मान्य, पण निदान त्यांनी त्या माणसाला तासांची पोकळी भरणारा गडी मानले नाही.

शिकागोतही वारे फिरलेच. १९३२ मध्ये वयाची सत्तरी गाठताच विद्यापीठाने स्टॅग यांना निवृत्त केले आणि १९३९ मध्ये फुटबॉलच बंद केले. त्यांच्या नावाच्या मैदानातल्या प्रेक्षकसज्जाखाली डिसेंबर १९४२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी जगातली पहिली नियंत्रित अणु-साखळी प्रक्रिया घडवली.

स्टॅग मात्र मानाचे पद घेऊन घरी बसायला तयार नव्हते. ते कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनला कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये गेले आणि १९४३ मध्ये, ८१व्या वर्षी, वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. पत्नी स्टेला सामन्यातल्या चालींचे तक्ते मांडून देत असत. तिथूनही बाहेर पडल्यावर ते पेनसिल्व्हेनियात मुलाच्या जोडीने संघ शिकवू लागले. १९६५ साली स्टॉकटनमध्येच वारले, तेव्हा ते १०२ वर्षांचे होते.