न्हाव्याची रोजनिशी

शनिवार रात्र, विडालिया (लुइझियाना)

आरव्ही, म्हणजे आमचं चाकांवरचं घर, मिसिसिपी नदीच्या अलीकडच्या काठावर लावली आहे. समोर कड्यावर नॅचेझ गावाचे दिवे दिसतात. इथे ३० अँपिअरचं कनेक्शन, त्यामुळे एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडतो. आधी एसी बंद, मग दूध गरम. सासरे, म्हणजे आमचे बाबा, साताऱ्याहून आलेत, त्यांना या कटकटीचं काही नाही. ते बाहेर खुर्ची टाकून नदी बघत बसतात. "अगं, ही बोट बार्ज ओढत नाही, ढकलतेय बघ!" खरंच, एकमेकांना बांधलेल्या बार्जची, म्हणजे सपाट मालवाहू तराफ्यांची, अख्खी रांग पुढे आणि बोट मागे.

सकाळी लाँगवुड पाहिलं. कापसाच्या पैशातला अष्टकोनी वाडा, ३२ खोल्यांचा बेत. १८६१ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू झालं, फिलाडेल्फियाचे कारागीर घरी निघून गेले आणि फक्त तळमजल्याच्या नऊ खोल्या पुऱ्या झाल्या. वर अजून उघड्या विटा आणि लाकडाचा सांगाडा. लोक भराभर फोटो काढत होते. तिथून थोड्याच अंतरावर फोर्क्स ऑफ द रोड आहे, न्यू ऑर्लिन्सखालोखालचा या भागातला मोठा गुलामांचा बाजार. व्हर्जिनियापासून साखळदंडात चालवत माणसं इथे आणायचे. आता रस्त्याकडेला गवत, माहितीचे फलक आणि काँक्रीटमध्ये रुतवलेल्या बेड्या. फोटो काढायला तिथे कोणी नव्हतं. वाड्याचा पैसा कुठून आला ते या गवतात उभं राहिल्यावर जास्त कळतं.

पण दिवसभर डोक्यात राहिला तो विल्यम जॉन्सन. जन्माने गुलाम, अकराव्या वर्षी मुक्त झाला, पुढे नॅचेझमध्ये सलून काढलं. गोरी गिऱ्हाईकं दाढी करताना जे बोलायची ते आणि गावातल्या मारामाऱ्या, शर्यती, उधाऱ्या, असं सगळं १८३५ पासून १८५१ पर्यंत तो लिहीत गेला. स्टेट स्ट्रीटवरचं त्याचं घर आता नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे. आणि या माणसाने स्वतः गुलाम ठेवले होते! स्टीव्हन नावाच्या दारुड्या गुलामाला विकलं, आणि वाईट वाटलं असंही लिहून ठेवलं.

१८५१ मध्ये जमिनीच्या हद्दीवरून त्याचा खून झाला. साक्षीदार कृष्णवर्णीय. कायद्याने त्यांची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नसे, आणि आरोपीने आपण गोरे असल्याचा दावा लावून धरला. सुटला.

जेवताना बाबा म्हणाले, "त्या काळात सगळेच गुलाम ठेवायचे, त्याला काय दोष द्यायचा?"

"बाबा, सगळे कुठे? आणि हा तर स्वतः त्यातून सुटलेला."

"म्हणून तर त्याला माहीत होतं, पुढे जायचं तर काय लागतं ते."

मला हे पटलं नाही. भांडी विसळताना मी अजून वाद घालत होते, पण तोवर बाबा पुढची बोट बघायला गेले होते.